डाव्या भिंतीचा गारवा

फ्रीज बघायला मिस्त्री येणार म्हटलं की लोक आधी फ्रीज आवरतात. वाळलेली कोथिंबीर, तीन वाट्यांतलं तीन दिवसांचं वरण, बुरशी धरलेलं लिंबू, सगळं गडबडीनं बादलीत जातं आणि मग घरच्या बाई पदर खोचून म्हणतात, एरवी असं नसतं हो. तासगावच्या विलास पांचाळांना हे वाक्य बत्तीस वर्षं ऐकून पाठ झालं होतं. आवरलेला फ्रीज त्यांना आवडत नसे. पावडर लावून आलेल्या माणसाचा ताप कसा कळणार, असं ते म्हणत.

बेदाण्याच्या शीतगृहात त्यांनी पहिली नोकरी केली, तेव्हा कॉम्प्रेसरचे फ्रीज होते. त्या फ्रीजचं दुखणं साधं होतं. गारवा मागच्या एका झरोक्यातून यायचा, त्यामुळं मागं ठेवलेल्या पालकाचा बर्फ व्हायचा आणि दारातलं दूध नासायचं. मिस्त्रीनं दाराचं रबर बदलायचं, झरोका मोकळा करायचा आणि भांडी जरा सुटी ठेवा, वारा फिरू दे, एवढं सांगून चहा पिऊन निघायचं. मग फरशीचे फ्रीज आले आणि चहासुद्धा महाग झाला, कारण मिस्त्रीची गरज वर्षातून एकदाच उरली.

फरशीचं शास्त्र तसं पोरखेळातलंच आहे. रबरबँड ताणून ओठाला लावला तर कोमट लागतो आणि सैल सोडून लावला तर गार, हे प्रत्येकानं शाळेत करून बघितलेलं असतं. काही मिश्रधातू हेच काम रबरापेक्षा कितीतरी जोरात करतात. दाबले की तापतात, सोडले की गार पडतात. तापल्यावर ती उष्णता बाहेर सोडायची आणि गार पडल्यावर आतली ओढून घ्यायची, हे सेकंदाला कितीतरी वेळा करत राहायचं. अशा धातूच्या नखाएवढ्या हजारो फरश्या फ्रीजच्या भिंतींत बसवल्या की ना गॅस लागतो, ना कॉम्प्रेसर, ना घुरघुर. शिवाय प्रत्येक फरशी आपलं आपण बघते. जिथं ऊन पातेलं ठेवलं तिथल्या फरश्या जास्त राबतात, बाकीच्या आराम करतात. फ्रीजमध्ये एकीकडं गार आणि एकीकडं कोमट हा प्रकारच संपला. निदान कंपनीनं तसं छापलं होतं.

आणि फरश्या शिकायच्या. रोज सकाळी सातला उजव्या कोपऱ्यात तापवलेलं दूध येतं, हे पंधरा दिवसांत त्यांच्या लक्षात यायचं आणि मग पावणेसातलाच त्या खूप गार होऊन वाट बघत बसायच्या. सवय लवकर मोडली तर विसरायच्याही लवकर. पण वर्षभर मुरलेली सवय त्या काही केल्या सोडत नसत. घरातलं दूध बंद झालं, पातेलं मोडीत गेलं, तरी पावणेसातला कोपरा गार. त्या कोपऱ्यात मग अंडी ठेवा नाहीतर काकड्या, सगळं गोठायचं. म्हणून वर्षातून एकदा मिस्त्रीनं यंत्र लावून साऱ्या सवयी पुसून काढायच्या. याला धंद्यात सपाटी म्हणत.

सपाटीच्या आधी यंत्रावर फ्रीजचा नकाशा यायचा. कुठं, किती वाजता, काय आकाराची उष्णता येते आणि ती सवय कोणत्या तारखेला लागली, सगळं. नकाशा फक्त मिस्त्रीलाच दिसायचा आणि फ्रीजच्या पोटाबाहेर कुठं साठायचा नाही. लोकांना दिसला असता तर घरोघरी भांडणं लागली असती. एका घरात सासूबाईंचा उपवास दर सोमवारी अकरा वाजता श्रीखंडाच्या डब्यापाशी सुटतो, हे विलासरावांना चार वर्षं माहीत होतं. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. नकाशात दिसलं ते उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांची नात ओवी शाळेत उलट्या करून बेशुद्ध झाली.

ओवी पावणेसात वर्षांची. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये तिला मधुमेह निघाला होता, लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. रोज चार वेळा सुई. सून ऋतुजा नगरपालिकेत होती, मुलगा ओंकार जहाजावर इलेक्ट्रिशियन, सहा-सहा महिने पाण्यावर. सुईचं सगळं ऋतुजा चोख बघायची. त्या आठवड्यातही एकही सुई चुकली नव्हती. तरी साखर चढत गेली, रक्तात आम्ल झालं आणि मिरजेच्या दवाखान्यात तिला दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

डॉक्टरांनी इन्सुलिनची पेटी मागवून बघितली. औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. हे एकदा तरी गोठलेलं असणार, ते म्हणाले. गोठलं की दिसायला तसंच राहतं, पण त्यातली शक्ती जाते. घरी कुठं ठेवता?

ऋतुजानं सांगितलं, फ्रीजमध्ये, मधल्या कप्प्यात, डाव्या भिंतीला टेकवून. आधी सासूबाई ती पेटी उजवीकडं दाराजवळ ठेवायच्या. त्या गेल्यावर तिनं गेल्याच महिन्यात फ्रीज आतून नव्यानं लावला होता. डावी भिंत नेहमी रिकामीच असायची, म्हणून तिथं ठेवली.

मग तिनं सासऱ्यांकडं बघितलं. दोन दिवस झोप नव्हती तिला.

"शेवटची सपाटी कधी केली होती, अण्णा?"

विलासराव बोटांवर महिने मोजायला लागले.

"साऱ्या तालुक्याचे फ्रीज सपाट करत फिरता. आणि आपल्या घरात पोरीचं औषध आहे, तो फ्रीज कुणी बघायचा?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

घरच्या फ्रीजच्या सपाटीचा त्यांचा दिवस ठरलेला होता. खंडेनवमी. कारागिराच्या घरात त्या दिवशी हत्यारं पुजतात आणि पुजली की दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. विलासराव सकाळी लवकर उठून, हत्यारं पाटावर मांडायच्या आधी, घरच्या फ्रीजची सपाटी करून घ्यायचे. वर्षातलं शेवटचं काम आपल्या घरचं, मग पूजा. अकरा वर्षं हे चाललं होतं.

दीड वर्षापूर्वीच्या खंडेनवमीला ते उठून बघतात तर पाटावर सगळं आधीच मांडलेलं. पक्कड, पेचकस, मीटर, आणि सपाटीचं यंत्रसुद्धा. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची फुलं, समोर निरांजन. उज्ज्वला, त्यांची बायको, पहाटे अंघोळ करून पूजा उरकून बसली होती. अगं, फ्रीज राहिला की, असं ते म्हणाले तर ती हसून म्हणाली, "पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नसतो, हे आता मी सांगायचं का तुम्हाला? फ्रीज कुठं पळून चाललाय?"

त्यांना उलट बरंच वाटलं होतं. बायको इतक्या मनानं आपल्या हत्यारांची पूजा करते, म्हणून त्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी गजरा आणला. दसऱ्यानंतर दिवाळीची कामं अंगावर आली आणि घरची सपाटी राहून गेली ती राहूनच गेली. पुढच्या खंडेनवमीला उज्ज्वला मिरजेत खाटेवर होती. स्तनातली गाठ, पार फुप्फुसापर्यंत पोचलेली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा बोलली. महिनाभर दुखतंय, म्हणाली. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने आधी आणलं असतंत तर गोष्ट वेगळी होती. दिवाळीच्या आत ती गेली.

ओवीला घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी ऋतुजाला कामावर जावं लागलं. नवीन इन्सुलिन शेजारच्या मगदूमकाकूंच्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं. विलासरावांनी दुकान बंद ठेवलं, ओवीला स्वयंपाकघरात चटई घालून दिली आणि जेवणं झाल्यावर यंत्र फ्रीजला जोडलं.

नकाशा आला. उजवीकडं दुधाचा गोल, खाली भाजीचा पसरट ठिपका, दारापाशी ताकाचा तांब्या. आणि मधल्या कप्प्यात, डाव्या भिंतीवर, गडद निळा हात.

पाच बोटं, तळवा, मनगटाचा थोडा भाग. त्यांना आधी यंत्र बिघडलंय असं वाटलं. मग त्यांनी करंगळी बघितली. ती बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी दुकानाचं शटर ओढताना त्यांच्याच हातून ती करंगळी सापडली होती आणि वाकडीच बसली होती. तीस वर्षं त्या करंगळीवरून तिनं त्यांना चिडवलं होतं.

वेळ होती दुपारची तीन. रोज. दहा-बारा मिनिटं. फरश्या पावणेतीनलाच उणे तीनपर्यंत उतरून त्या हाताची वाट बघायच्या, आणि हात येत नसूनही सहा महिने रोज उतरत होत्या. त्यात इन्सुलिन सापडलं होतं. सवय लागल्याची तारीख सत्तावीस जून. ओवीला दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं त्याच आठवड्यातली.

माणसाचं मन पळवाट आधी शोधतं. विलासरावांनीही शोधली. दुपारी भांडी घासून हात शिणत असतील. बाहेर उकाडा असेल. पण जूनपासून थंडीतसुद्धा, रोज, डावा हात?

"आबा, ती आजीची जागा आहे," चटईवरून ओवी म्हणाली.

"कुठली गं?"

"तिथली. आजी तिथं हात गार करायची. मग असा इथं ठेवायची." तिनं आपला हात फ्रॉकच्या गळ्यातून आत घालून छातीवर ठेवला आणि डोळे मिटून दाखवले. "मग म्हणायची, हं, आता बरं वाटलं."

बर्फ का लावत नव्हती, असं विलासरावांनी विचारलं. बर्फानं झंपर भिजतो आणि मग आई विचारते, असं ओवीनं सांगितलं. तिला ते सगळं नीट माहीत होतं. बालवाडीच्या मोठ्या गटात असताना ती दुपारी घरीच असायची, आजी आणि ती दोघीच. फ्रीज उघडा राहू नये म्हणून आजी दार अंगाशी ओढून धरायची आणि ओवी बाहेर पाढे म्हणायची. दहाचा पाढा संपला की हात काढायचा. त्या भिंतीला ती कुणाला काही टेकवू द्यायची नाही.

"आजी म्हणालेली, घरात एका वेळी एक आजारी पुरे. आत्ता तुझी पाळी आहे. कुणाला सांगू नको." ओवी उठून बसली. "मी नाही सांगितलं, आबा. आईला पण नाही. आजी देवाघरी गेली तरी नाही."

ती शाबासकीची वाट बघत होती. शहाणी गं माझी, असं विलासराव म्हणाले. खंडेनवमीचा तो पाट त्यांच्या डोळ्यांसमोर आला, यंत्रावरचं ते कुंकू. तेव्हा चारच महिने झाले होते. त्या सकाळी यंत्र जोडलं असतं तर हा हात त्यांना दिसला असता. ती देवाची पूजा नव्हती. तिनं त्यांचे डोळे बांधले होते, आणि त्यांनी गजरा आणून दिला होता. त्यांना तिचा भयंकर राग आला, आणि त्या रागाच्या खाली दुसरं जे होतं ते रागापेक्षा फार मोठं होतं.

ओवी जवळ आली. पहिलीतली पोरं नुकती वाचायला लागली की दिसेल ते वाचतात. औषधाच्या बाटल्या, दुकानाच्या पाट्या, काही सोडत नाहीत. ती यंत्राच्या पडद्यावर वाकली.

"दोन... सात. सत्तावीस. जू... न." तिनं वर बघितलं. "हे काय आहे?"

त्यांनी यंत्र ओट्यावर पालथं घातलं.

"आबा, सांगायला पाहिजे होतं का?"

गिऱ्हाइकाशी यंत्राबद्दल खोटं बोलायचं नाही, हे विलासरावांनी आयुष्यभर पाळलं होतं. फ्रीज गेला असेल तर गेला म्हणायचं. पण ते खाली बसले, नातीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "नाही गं. सांगून काय होणार होतं? आजीचं वय झालं होतं, तिला जरा कळ यायची. तो आजार निराळा, नंतरचा. तू पाढे म्हणत होतीस म्हणून तिला बरं वाटायचं."

"खरंच?"

"तर."

तिला ते पटलं आणि ती चटईवर जाऊन चित्रात रंग भरायला लागली.

विलासरावांनी यंत्र पुन्हा सरळ केलं. अडीच वाजले होते. सपाटी एका जागेची करता येत नाही, केली तर सगळ्या फ्रीजची. केली की हात जाणार. न करताही चाललं असतं. इन्सुलिनसाठी दुसरा छोटा फ्रीज आणता आला असता, आणि हा असाच राहू देता आला असता, रोज पावणेतीनला गार होणारा. एक निराळंच लोभाचं मन त्यांना हे सुचवत होतं. नाहीतर निदान एक फोटो. त्यांनी मोबाइल काढून नकाशावर धरलाही.

मग त्यांना ओवी मोठी झालेली दिसली. पंधरा वर्षांची, वीस वर्षांची. सत्तावीस जून आणि पुढच्या वर्षीचा ऑगस्ट यांतले महिने मोजायला चौदापर्यंत आकडे आले की पुरे होते. गाठ सहा महिने आधी सापडली असती तर, हे वाक्य त्या घरात कधी ना कधी तिच्या कानावर पडणार होतं. तारीख शिल्लक राहिली तर एक दिवस ती दोन्ही जोडणार, आणि मग पाच वर्षांच्या पोरीनं इमानानं पाळलेला शब्द जन्मभर तिच्या मानेवर बसणार. उज्ज्वलानं तिच्यासाठीच तर हे सगळं केलं होतं. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

पावणेतीन वाजेपर्यंत मात्र ते थांबले. तेवढं त्यांनी स्वतःसाठी घेतलं.

दार उघडून त्यांनी हात आत घातला आणि मधल्या कप्प्यात डाव्या भिंतीला लावला. आजूबाजूची भिंत नुसती गार होती आणि तेवढी जागा झोंबत होती. त्यांचा पंजा मोठा, तिचा हात त्याखाली पुरता झाकला गेला. करंगळीपाशी मात्र त्यांच्या बोटाबाहेर गारवा जाणवत होता. दार अंगाशी ओढून ते उभे राहिले. सकाळी नऊला दुकानात जाणारा आणि संध्याकाळी सातला येणारा माणूस, या वेळेला आपल्या स्वयंपाकघरात ते कधी उभेच राहिले नव्हते. तीन वाजले. फरश्यांना हवी ती ऊब मिळाली आणि ठरल्यासारखा गारवा हळूहळू सैल पडत गेला. त्यांनी मनात दोनपासून दहापर्यंत पाढे म्हटले. आठाच्या पाढ्यात ते दोनदा चुकले.

मग हात पुसून त्यांनी सपाटीचं बटण दाबलं. नकाशा सगळीकडं फिकट निळा झाला, चार अंश, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दीड मिनिट लागलं.

संध्याकाळी ऋतुजा आली. बूट काढायच्या आधी तिनं फ्रीजचं विचारलं. झाला नीट, असं त्यांनी सांगितलं. कशानं बिघडला होता?

"बिघडला नव्हता. सपाटी राहिली होती. माझी चूक झाली, ऋतुजा."

तिला बोलायचं होतं. पोरगी जाता जाता राहिली होती आणि कारण इतकं साधं होतं, तिनं बोलायलाच पाहिजे होतं. ती बोललीही. बायकोच्या माघारी तुमचं घरात लक्ष नाही, म्हणाली. आई असत्या तर हे झालं नसतं, म्हणाली. विलासराव ऐकत उभे राहिले. शेवटी तीच रडायला लागली, तेव्हा त्यांनी मगदूमकाकूंकडून पेटी आणून तिच्या हातात दिली आणि कुठंही ठेव म्हणाले, आता कुठंही चालेल.

दुसऱ्या दिवशीही ओवी घरीच होती. दुपारी विलासराव ओट्याशी चहा टाकत होते, तेव्हा तिनं फ्रीज उघडला. घड्याळात तीनला पाच कमी होते. चवड्यांवर उभी राहून तिनं मधल्या कप्प्यात हात घातला, डाव्या भिंतीला लावला, काढला, जरा पलीकडं लावला. मग उजव्या भिंतीला लावून बघितला.

"आबा, आता सगळीकडं सारखंच गार लागतंय."

"हो," विलासराव म्हणाले. चहा उतू चालला होता, त्यांनी गॅस बारीक केला. "आता सगळीकडं सारखंच राहणार. दार लाव, बाळा."